कृपा घ्यायला कसली लाज

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला त्याबद्दल आता नव्यानं काय सांगायचं, सगळ्यांनी बघितलंय. सोयाबीन पाण्यात उभं, कापसाची बोंडं झाडावरच सडलेली, आणि नदीकाठच्या रानात तर पीक सोडाच, मातीच राहिली नाही, खाली नुसता मुरूम अन गोटे. माझ्या भावाचं रान दुधनेच्या काठाला आहे म्हणजे त्याचं काय झालं असेल ते तुम्हीच समजून घ्या. आमच्या जालन्याच्या चर्चच्या मंडळीनं तेव्हा जमेल तसं गोळा केलं होतं, ज्वारी, तेल, चादरी, आणि एका काकांनी डोकं लावलं की खायला देताय ते ठीक पण रब्बीला पेरायचं काय, म्हणून हरभऱ्याच्या बियाण्याच्या पिशव्या पण. मी भावाला फोन केला.

तर तो आधी विचारतो, "सातबारा लागन का?" मी म्हटलं नाही. "मग फार्मर आयडी?" नाही रे. "पंचनाम्याचा फोटो तरी?" म्हटलं बाबा काहीच लागत नाही, पिशव्या भरून ठेवल्यात, ये आणि घेऊन जा. पलीकडं थोडा वेळ काहीच आवाज नाही, मला वाटलं रेंज गेली, आणि मग एकदम म्हणतो, "मग कामून द्यायलेत?"

रागच होता त्याच्या आवाजात. कागद मागितले असते तर त्यानं निमूट आणून दिले असते, चार चकरा मारल्या असत्या, रांगेत उभा राहिला असता, सवय आहे. पण काहीच नको म्हटल्यावर त्याला संशय यायला लागला. आपण त्यांचं काय केलंय, उद्या काय मागतील, गावात काय म्हणतील. शेवटी तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशी वहिनी आली, चहा घेतला, पिशव्या बघितल्या, म्हणाली "देवानं धाडलं बया", आणि दोन्ही पिशव्या रिक्षात घालून बसस्टँडला गेली. त्याच ज्वारीच्या भाकरी भाऊ पण खातोय आणि तोच हरभरा पेरलाय, विषय संपला. पण त्याचा तो "कामून" माझ्या डोक्यातून जाईना, कारण चर्चमध्ये बसणारे आपण सगळे देवाला मनातल्या मनात हेच विचारत असतो, फक्त एवढ्या सरळ विचारत नाही.

भावाला नावं ठेवायला मी हे लिहीत नाहीये हं. तो असा का आहे ते मला चांगलं माहितीय. आमची आजी १९७२ च्या दुष्काळाचं सांगायची, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची, तिथं सुकडी मिळायची, आणि रेशनला ती अमेरिकेची लाल मिलो. मिलोची भाकरी कशी लागायची हे सांगताना अजूनही तिचं तोंड वाकडं व्हायचं, पण प्रत्येक वेळी शेवटचं वाक्य ठरलेलं, "पर फुकटचं नाय खाल्लं, हातानं खडी फोडली." हा अभिमान खोटा नाही. ज्या माणसांकडं दुसरं काहीच शिल्लक राहिलं नव्हतं त्यांनी हा एवढा एक जपला.

आणि आम्हा ख्रिस्ती लोकांच्या बाबतीत त्यात अजून एक गोष्ट आहे जी आम्ही आपसात पण फारशी बोलत नाही. आमची मंडळी इथं काही काल आलेली नाहीत. ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी, ज्यांचा बाप्तिस्मा १८४३ साली झाला, जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं ते एकोणिसाव्या शतकातच. म्हणजे पिढ्या झाल्या. तरी शाळेत असताना कुणीतरी बोलायचंच, गव्हासाठी धर्मात गेले, दूध पावडरसाठी गेले. तुम्ही दहा वर्षांच्या असताना हे ऐकलं की पुढं आयुष्यभर कुणी काही द्यायला लागलं की हात आपोआप मागं जातो. आमच्या घरात तर नियमच होता, कुणाच्या घरून वाटी आली की ती रिकामी परत जायची नाही. चांगलाच नियम आहे, मी पण पाळते. फक्त देवाच्या समोर गेल्यावर हा नियम बाहेर चपलांजवळ ठेवता यायला पाहिजे, आणि तेच आपल्याला जमत नाही.

कारण आपल्याकडं पैसा आधी हातात पडला म्हणजे ती उचल असते. बीडकडच्या लोकांना हे समजावून सांगायची गरजच नाही. ऊसतोडीचा मुकादम येतो, उचल देतो, घरात लग्न असतं नाहीतर दवाखाना, घ्यावीच लागते, आणि मग दिवाळीच्या आसपास नवरा-बायको मिळून एक कोयता, बिऱ्हाड ट्रॅक्टरवर, पार उन्हाळा तोंडावर येईपर्यंत दुसऱ्याच्या फडात. फिटली तर फिटली, नाही फिटली तर पुढच्या सीझनला तीच पुढं चालू. आता ज्या मुलखात आधी मिळालेल्या पैशाचा अर्थ असा होतो तिथं तुम्ही उभं राहून सांगता की ख्रिस्तानं आधीच सगळं दिलंय, तर ऐकणारा माणूस मनात म्हणणारच ना, बरं, मग फेडायचं कसं? आणि खूप विश्वासू माणसं देवाची कृपा अशी उचल म्हणूनच घेतात. जन्मभर फेडत राहतात. उपासना चुकली की धाकधूक, दशांश (कमाईचा दहावा भाग) राहिला की धाकधूक, पोरगं आजारी पडलं की लगेच मनात हिशेब, कुठला हप्ता राहिला आपला. देव म्हणजे मुकादम झाला की हो.

पवित्र शास्त्रात मजुरांचाच एक दाखला आहे, मत्तयच्या विसाव्या अध्यायात, आणि तो वाचताना मला दर वेळी जालन्यातला सकाळचा मजूर अड्डा दिसतो, डबे घेऊन उभी राहिलेली माणसं, एखादी गाडी थांबली की सगळे तिच्याकडं धावतात. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे जातो, रोजचा एक दिनार ठरवून माणसं नेतो. दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. मग परत नऊच्या सुमारास जातो, बाराला जातो, तीनला जातो, आणि कहर म्हणजे पाचला जातो, दिवस मावळायला तासभर उरलेला. तिथं अजून काही जण उभेच. विचारतो, तुम्ही दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही.

ह्या उत्तरावर प्रवचनात कुणी थांबत नाही, सगळे पुढच्या पगारावर जातात. पण जरा बघा की, ती माणसं पाचपर्यंत तिथंच का थांबली असतील? बाराला घरी जाता आलं असतं. पण रिकाम्या हातानं घरी जायचं म्हणजे काय असतं हे ज्याच्यावर आलंय त्यालाच कळतं, त्यापेक्षा अड्ड्यावर उभं राहिलेलं बरं, निदान उभे तरी आहोत. मग संध्याकाळी मालक कारभाऱ्याला सांगतो शेवटच्यापासून मजुरी द्यायला सुरू कर, आणि ह्या तासभरवाल्यांच्या हातात पूर्ण दिनार. सकाळपासून ऊन खाल्लेले चिडतात. साहजिक आहे, आणि खरं सांगू का, आमच्या बायकांच्या प्रार्थनेत हा दाखला घेतला की निम्म्या जणी त्या सकाळवाल्यांच्याच बाजूनं बोलतात. एक काकू तर दर वेळी म्हणतात, "प्रभूचं मान्य, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कोण जाईल हो कामाला?" ह्याला अजून कुणाला नीट उत्तर देता आलेलं नाही आणि मला काकूंचं हे फार आवडतं.

मला मात्र त्या पाचवाल्यांचं वाटत राहतं. येशूनं त्यांच्याबद्दल पुढं काहीच सांगितलेलं नाही, पण हातात पूर्ण दिनार पडल्यावर त्यातल्या एखाद्यानं तरी म्हटलं असेल, मालक, चुकून जास्त आले, हे घ्या परत. भावासारखा एखादा असणारच. आणि त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं की बाबा, त्यानं तुझे तास मोजून दिलेलंच नाही, घरी तोंडं किती आहेत ते बघून दिलंय. एका तासाच्या पैशात एका दिवसाचं पीठ येत नाही, आणि मालकाला ते माहीत होतं.

मी नर्स आहे, एका खाजगी हॉस्पिटलला पुरुषांच्या वॉर्डात ड्युटी असते. घेणं माणसाला किती जड जातं ते मी रोज बघते. ऑपरेशन झालेला माणूस, उठायचं नाही म्हणून सांगितलेलं, पण पॉट घ्यायला तयार नाही. स्पंजिंगला नको म्हणतो. गावचा मोठा माणूस असला तर अजूनच, ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना हुकूम सोडले त्याला सिस्टरनं पाठ पुसून द्यायची म्हणजे जीव जातो त्याचा. एक म्हातारे बाबा होते, मुलगी पाय चोळायला बसली की पाय ओढून घ्यायचे, म्हणायचे "राहू दे माय, तुला पाप लागन." उलटं लहान पोरांच्या वॉर्डात जा, पोरं बिनधास्त, पाणी दे, उचलून घे, गोष्ट सांग. त्यांना कुणी बिल दाखवलेलं नसतं ना.

म्हणून पेत्राचं मला एकदम पटतं. योहान तेराव्या अध्यायात, शेवटच्या रात्री, येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुवायला बसतो, पेत्राची पाळी येते आणि तो म्हणतो, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. किती आदराचं बोलणं वाटतं ते! आमच्यात कुणी असं म्हटलं तर आपण म्हणू किती नम्र माणूस. आणि येशू त्याला जे म्हणतो ते जवळजवळ कडक आहे, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. मग पेत्र लगेच दुसऱ्या टोकाला, मग पायच नको, हात पण धुवा, डोकं पण धुवा. येशू म्हणतो, एवढं नको, पाय पुरे. म्हणजे बघा, आधी घ्यायलाच तयार नाही, आणि घ्यायला लागला तर किती घ्यायचं ते पण स्वतःच ठरवणार. देणाऱ्याला देऊ दे की बाबा त्याच्या हिशेबानं.

मला वाटतं ह्या नको-नकोमध्ये नम्रपणा कमी आणि ताबा जास्त असतो. जो देतो त्याच्या हातात दोरी असते, जो घेतो त्याला दुसऱ्याच्या मर्जीवर बसावं लागतं, आणि ते आपल्याला सोसत नाही. सगळं नीट चाललं असतं तेव्हा हे लपून जातं. अडचण आली की वर येतं.

आमच्या घरात सध्या तीच चालू आहे. नवरा एका रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराकडं होता, जालन्यात सळईच्या कारखान्यांची काय कमी, पण मागं काम थांबलं आणि सांगितलं भट्टी सुरू झाली की कळवतो. तेव्हापासून कळवतोच चाललंय. कामावरून काढलं असं म्हणत नाहीत, या असंही म्हणत नाहीत. हे मधलं लटकणं जास्त वाईट. दुसरीकडं कायमचं काम धरावं तर इकडचा फोन आला तर काय, नाही धरावं तर पोरांची फी. माझ्या पगारात महिन्याची वीस तारीख येईपर्यंत बरं चालतं, पुढचे दिवस तुम्हाला माहितीच आहेत कसे असतात.

ह्या दिवसांत ज्या भागाजवळ मी परत परत जाते तो निर्गमचा सोळावा अध्याय, मान्ना, म्हणजे मिसरातून निघालेल्या इस्राएली लोकांना देवानं वाळवंटात दिलेलं अन्न. तिथं मला आधार वाटतो तो चमत्काराचा कमी आणि त्याच्या नियमांचा जास्त. रोज सकाळी रानात पडलेला, ज्यानं त्यानं लागेल तेवढा गोळा करायचा, आणि लिहिलंय की ज्यानं जास्त गोळा केला त्याचं उरलं नाही आणि ज्यानं कमी केला त्याला कमी पडलं नाही. दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचा नाही. काहींनी ठेवलाच, ठेवणारच, वाळवंटात पोरंबाळं घेऊन चाललेली माणसं, उद्याचा काय भरवसा, आपण पण ठेवला असता, तर त्यात किडे पडले आणि घाण वास सुटला. फक्त सहाव्या दिवशी डबल, कारण सातव्याला शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, आणि त्या दिवशीचा मात्र खराब झाला नाही. म्हणजे साठवणीला देवाचा विरोध नव्हता, घाबरून केलेली साठवण त्यात टिकत नव्हती एवढंच. (हे वाचून कुणी डब्यातली डाळ फेकून देऊ नका, आमच्याकडं पण वर्षाचे गहू भरलेले असतात.)

रात्री झोप लागत नाही तेव्हा आपण काय करतो तर पुढच्या वर्षभराची काळजी आजच्या आज काढून बसतो, आणि ती काळजी वाहायला लागणारी कृपा पण आजच पाहिजे असते. ती मिळत नाही. मग वाटतं देव गप्प आहे. पण मी आमच्या ह्या लटकलेल्या दिवसांकडं मागं वळून बघितलं तर असा एक पण दिवस सांगता येणार नाही की ज्या दिवशी त्या दिवसापुरतं आलं नाही. कधी शेजारणीनं भाजी दिली, कधी ओव्हरटाइम निघाला, कधी काहीच आलं नाही पण पोरगं खोखो हसलं आणि नवऱ्याचा चेहरा सैल झाला, ते पण मी त्यातच धरते. फोन मात्र आलेला नाही. प्रेषित पौलानं पण आपल्या शरीरातला काटा काढावा म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, उत्तर मिळालं, "माझी कृपा तुला पुरेशी आहे." आता हे वाक्य लोक कॅलेंडरवर फुलांच्या चित्राखाली छापतात, पण पौलाला ते नकाराच्या जागी मिळालं होतं हे कॅलेंडरवर येत नाही.

आणि ह्याच दिवसांत काही लोक बरोबर वास काढत येतात. मोबाईलवर सारखे व्हिडिओ, आज रात्री विश्वासानं अमुक इतक्याचं बी पेरा, तुमच्या नोकरीचा दरवाजा उघडेल, खाली स्कॅनर. नावं घेत नाही, सगळ्यांच्या ग्रुपवर येतात. आमच्याकडं बी कशाला म्हणतात ते आम्हाला माहितीय, जालना तर बियाण्यांच्या कंपन्यांचंच गाव. बी पेरून पीक येईलच असं इथला शेतकरी कधी बोलत नाही आणि हे लोक गॅरंटी देतात! माझा राग असा की गरजू माणसाला नेमकं हेच सोपं वाटतं, पाचशे रुपये टाकणं. देव फुकट देतो ह्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा पाचशेत देतो ह्यावर विश्वास ठेवणं सोपं आहे.

नामान सेनापतीची गोष्ट आठवते का, दुसरे राजे, पाचवा अध्याय. अरामी सैन्याचा एवढा मोठा अधिकारी, कोड झालेलं, तो दहा किक्कार चांदी, सहा हजार शेकेल सोनं आणि दहा पोशाख घेऊन निघतो. किंमत घेऊनच निघालाय. अलीशा संदेष्टा बाहेरसुद्धा येत नाही, निरोप पाठवतो, यार्देन नदीत सात वेळा अंघोळ कर. नामान भडकतो, आमच्या दिमिष्कात काय नद्या नाहीत का! तेव्हा त्याचे नोकर त्याला समजावतात, बाबा, संदेष्ट्यानं काही अवघड सांगितलं असतं तर केलं असतं ना, मग हे सोपं का करत नाही? माझं तर म्हणणं आहे संपूर्ण जुन्या करारात इतकं शहाणं वाक्य बोलणारे नोकर दुसरे नाहीत, आणि त्यांची नावं पण लिहिलेली नाहीत. तो बरा होऊन परत येतो, भेट घ्या म्हणतो, अलीशा शपथ घेऊन नाही म्हणतो. आणि अलीशाचा चाकर गेहजी मागनं पळत जाऊन खोटं बोलून चांदी अन कपडे घेतो, आणि नामानाचं कोड त्याला लागतं. जो फुकट मिळालेल्या गोष्टीचे पैसे घेतो त्याचं काय होतं ते तिथं स्पष्ट लिहिलंय, स्कॅनरवाल्यांनी वाचलं नसेल.

आता दुसऱ्या बाजूनं पण एक बोलते नाहीतर गैरसमज होईल. पीकविमा, अतिवृष्टीचं अनुदान, हमीभाव ही कृपा नाही. सोयाबीनचा हमीभाव सरकारनं २०२५-२६ च्या हंगामाला ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर केला होता, आणि माझ्या भावाचं जे काय थोडंफार हाताला लागलं ते ओलं आहे, काळं पडलंय म्हणून आडतीवर त्याच्या कितीतरी खाली गेलं. तिथं प्रभू देईल म्हणून गप्प बसायचं काही कारण नाही. जे हक्काचं आहे ते भांडून घ्यायचं, अर्ज करायचे, तहसीलला जायचं. काही पास्टर लोक हे दोन्ही एकत्र करतात आणि लोकांना गप्प बसायला शिकवतात, ते मला पटत नाही. ज्याला कृपा म्हणजे काय ते कळलं त्याला हक्क म्हणजे काय ते पण कळतं, उलट जास्त नीट कळतं, कारण तो साहेबासमोर हात जोडून दया मागत नाही, ती मागायची जागा त्याला माहीत असते.

२०१६ च्या उन्हाळ्यात मी लातूरला होते. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती, १४४ कलम, पाण्यासाठी! आणि मग एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वॅगन, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर, आणि पाणी कृष्णेचं, ज्या लोकांनी आम्हाला कधी बघितलं नाही त्यांच्या भागातलं. आमच्या चर्चमध्ये त्याच सुमाराला यशयाचा पंचावन्नावा अध्याय वाचला, तान्हेल्यांनो, पाण्याकडे या, ज्याच्याजवळ पैसा नाही तोही या. वाचणाऱ्या काकांचा आवाज मध्येच गेला, कारण त्या आठवड्यात त्यांनी टँकरला पैसे मोजले होते. ह्याच्यावर मग लोकांनी बरंच बोललं, ऊस कुणी लावला, नियोजन कुणाचं चुकलं, आणि ते बोलायलाच पाहिजे होतं. पण घरात पाणी आलं तेव्हा कुणी असं नाही म्हटलं की आम्ही ह्याच्या लायकीचे नाही, परत न्या. तहान लागलेला माणूस लायकी काढत बसत नाही. आम्ही हंडे लावले.

इफिसकरांस पत्रात दुसऱ्या अध्यायात हे सगळं दोन-तीन वचनांत आहे, की कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तारण झालंय, हे तुमच्या हातून झालं नाही, हे देवाचं दान आहे, कर्मांमुळं नाही, कोणी बढाई मारू नये म्हणून. आठवं आणि नववं वचन आम्हाला संडे स्कूलला पाठ करायला लावायचे. दहावं नाही लावायचे, का कोण जाणे. दहाव्यात लिहिलंय की आपण सत्कृत्यं करण्यासाठी निर्माण झालोय आणि ती देवानं आधीच तयार करून ठेवलीयेत. म्हणजे काकूंच्या त्या प्रश्नाचं, की दुसऱ्या दिवशी कामाला कोण जाईल, थोडंफार उत्तर इथं असावं. ज्याचं आधीच भागलंय तो पण कामाला जातोच, फक्त त्याच्या मानेवर उचल नसते. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "बघू."

बाकी शनिवारी मंडळीतर्फे हॉस्पिटलमधल्या पेशंटच्या नातेवाईकांसाठी खिचडी आहे. माझी नाईट संपवून मी थेट तिकडंच जाणार, आणि कांदे-बटाटे चिरायला नवरा येतोय. कुणाची फेड म्हणून नाही, त्याला सध्या खरंच वेळ आहे, आणि तसंही त्याचा हात चिरायला माझ्यापेक्षा बारीक आहे. जालन्यातलं कुणी येणार असेल तर सकाळी सातला या, विळी आपली आणा, मागच्या वेळी कमी पडल्या होत्या.